हिंगणीतला ‘आपोआप’चा खटला

वर्ध्याला जाऊन आले म्हटलं की साताऱ्यातले लोक मला दोनच प्रश्न विचारतात. आश्रम पाहिलात का, आणि वाघ पाहिलात का. दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. आश्रम राहून गेला, आणि वाघिणीच्या भीतीने मी न्हाणीघरात आतून कडी लावून बसले होते हे खरं असलं तरी ती वाघीण नव्हती. ते पुढे येईलच. मी चार दिवस त्या जिल्ह्यात काढले ते एका शब्दापायी, आणि लाज वाटते सांगायला, पण तो शब्द माझाच होता.

मी पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. नोकरीच्या ऐन भरात शाळेतल्या मुलांसाठी एक पातळशी पुस्तिकाही लिहिली होती. तिच्यात माणसाच्या डोळ्यावर दीड पान होतं आणि त्या दीड पानाच्या शेवटी एक वाक्य: ‘अशा रीतीने डोळा आपोआप घडत गेला.’ लिहिलं तेव्हा वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे पुस्तिका मी विसरले, प्रकाशकही विसरला. पण सेलू तालुक्यातल्या हिंगणीच्या झाडे गुरुजींनी ती वीस वर्षं वर्गात वाचून दाखवली. निवृत्त झाल्यावर वाचून दाखवायला मुलं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी ती आपल्या व्याह्यांना वाचून दाखवली. तिथेच घात झाला.

हे मला कळलं ते शीतलच्या फोनवरून. शीतल ही झाडे गुरुजींची मुलगी आणि त्याच गावातल्या पांडुभाऊ भोयर यांची सून. सेलूला मेडिकलच्या दुकानात काम करते. तिचं पहिलंच वाक्य असं: “मॅडम, तुमीच का त्या आपोआपवाल्या?”

मग तिने सगळं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. बाळ घरी आलं त्या दिवशी गुरुजींनी त्याचे डोळे पाहिले, भारावून गेले, खिशातून माझी पुस्तिका काढली आणि पाळण्यापाशी उभं राहून ते दीड पान मोठ्याने वाचलं. पांडुभाऊ जन्मभर विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करत आलेले. ते म्हणाले, असली कारागिरी आपोआप होत नसते, कोणीतरी करणारा असतो. चार दिवस वाद चालला, पाचव्या दिवशी बोलणं बंद झालं. गुरुजींनी जाहीर केलं की नातीचं नाव उत्क्रांती. पांडुभाऊंनी जाहीर केलं की नाव रचना.

आपल्याकडे व्याह्यांची भांडणं मानपानावरून होतात, आहेराच्या साडीवरून होतात. डोळ्याच्या बुबुळावरून झालेलं भांडण मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शीतलही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने हुकूम काढला. दोघांचं एकमत होईपर्यंत बारसं नाही, आणि दोघांनीही पोरीला हात लावायचा नाही. चार हात लांबूनच पाहायचं. तिला वाटलं आठवड्यात दोघे शरण येतील. आठ महिने झाले. लसीच्या कार्डावर अजून ‘शीतलची मुलगी’ एवढंच होतं.

“तुमच्या एका शब्दानं माया लेकराचं नाव अडून राह्यलं, मॅडम,” ती म्हणाली. “आता तुमीच येजा आन् मोकळं करजा.”

मी तिकीट काढलं.

बोरगाव मेघे, शुक्रवार

पहिला मुक्काम वर्षाकडे होता. वर्षा ही पांडुभाऊंची मुलगी, म्हणजे बाळाची आत्या. वर्धा शहराच्या कडेला बोरगाव मेघ्यात तिचं सासर. स्टेशनवर मला घ्यायला आली ती स्कूटर घेऊन, आणि माझी बॅग पायांमध्ये ठेवून अशी सुसाट निघाली की मी डोळ्यांबद्दलची सगळी मतं बाजूला ठेवून ते घट्ट मिटून घेतले.

“मॅडम, तुमच्यासाठी सांभारवडी करून राह्यली मी,” ती म्हणाली.

मी संध्याकाळभर इडलीची वाट पाहिली. जेवायला बसल्यावर पानात आली ती कोथिंबीर गच्च भरलेली, खरपूस तळलेली वळकटी. तिकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. सबंध आयुष्य महाराष्ट्रात काढून मला हे ठाऊक नव्हतं. मी पाच खाल्ल्या. आमच्याकडे कोथिंबीर शिंपडतात. इथे तिला घरची मालकीण करून टाकली आहे.

वर्षाने कपाटातून एक गुलाबी झबलं काढून दाखवलं. बारशासाठी घेतलेलं. बाळाला ते आता अर्धंच येणार होतं.

“नाव आत्यानंच कानात सांगा लागते ना, जी,” ती म्हणाली. “आठ महिने झाले, माया तोंडात कुर्र अडकून आहे.”

मी हसले, पण ती हसली नाही.

सेलूवरून हिंगणी, शनिवार

सेलू मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस. वेचणी चालू होती. बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या, आणि लांबवर, बोर धरणाच्या बाजूला, जंगलाची काळपट रेघ. वर्षाने स्कूटर चालवता चालवता मान वळवून सांगितलं की मागच्या आठवड्यात त्या नाल्यापाशी वाघीण दिसली होती. मी तिला मान पुढे ठेवायची विनंती केली.

हिंगणीत शिरताना चहाची टपरी लागते. तिथे दोन बाकं होती. चहावाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कोनत्या बाकावर बसता, मॅडम? हे आपोआपवाल्याईचं. हे करनारावाल्याईचं.”

दोन्ही बाकांवर माणसं होती आणि एकमेकांकडे पाठ करून बसली होती. करणारावाल्यांच्या बाकावरचा एक जण सांगत होता की त्याला वादातलं काही कळत नाही, पण या बाकावर ऊन येत नाही. मी उभ्यानेच चहा प्याले. चहा मात्र दोघांना एकाच पातेल्यातला होता.

पांडुभाऊंचं घर गावाच्या टोकाला. पुढे पत्र्याची शेड, तिथे त्यांचं आणि मुलगा अमोलचं मोटर दुरुस्तीचं काम, मागे घर, त्यामागे सागाचं जंगल. पांडुभाऊ साठी उलटलेले, उंच, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. हात सारखे पाठीमागे बांधलेले. मला आधी वाटलं ही त्यांची ऐट आहे. मग लक्षात आलं, बाळ ओसरीवर रांगत होतं आणि हे चार हातांवरून त्याच्या भोवती फिरत होते. हात मोकळे राहिले असते तर उचललंच असतं. त्याच वेळी कुंपणापलीकडे एक टोपी दिसली, टोपीखाली चष्मा, आणि चष्म्याखाली झाडे गुरुजी. ते रोज या वेळी येतात आणि कुंपणाबाहेरून पाहून जातात, असं शीतलने सांगितलं. दोन्ही आजोबांनी एकमेकांना पाहिलं नाही, फार मेहनत घेऊन पाहिलं नाही.

बाळ गुटगुटीत होतं आणि त्याचे डोळे घारे होते. मी खोडीप्रमाणे घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासले. शीतलचे काळे, अमोलचे काळे, वर्षाचे काळे, पांडुभाऊंचेही. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, तो काळापांढरा.

“पोट्टी कोनावर गेली कोनाले माहीत,” वर्षा म्हणाली.

तिला हाक मारायचा मात्र सुकाळ होता. शीतल तिला माऊ म्हणायची, वर्षा फुग्गी, अमोल नुसतंच “ओ मॅडम” म्हणायचा, त्यामुळे माझी दोनदा फसगत झाली. पांडुभाऊ लांबून “रचनाबाई” म्हणायचे, कुंपणापलीकडून “उत्क्रांतीऽ” अशी दबकी हाक यायची. बाळ कोणत्याच हाकेकडे पाहत नसे. ते पायाचा अंगठा खात असे.

“लाइन गेली जी,” अमोल हताश होऊन मला म्हणाला.

मी रस्त्याकडे पाहिलं. कुठलीच रांग नव्हती. लोक कशाच्या रांगेत होते आणि कुठे गेले हे विचारणं बरं दिसेना, म्हणून मी “अरेरे” म्हटलं.

दुपारी मी जरा आडवी झाले होते. तोच शेडमधून अमोल ओरडला, “आली!” ओसरीवरून शीतल, “आली, आली!” शेजारच्या शेतातून कोणीतरी, “आली रे, आलीऽऽ!” आणि जो तो धावत सुटला. नाल्यापाशी दिसलेली ती नाल्यापाशीच थांबेल असं थोडंच आहे? मी कॉटवरून उठले, न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि बादली दाराला टेकवली. वाघीण बादलीला बिचकते असं कोणत्याच पुस्तकात नाही, माझ्या तर नाहीच. बाहेर कसली तरी घरघर सुरू झाली होती, आणि त्या घरघरीत बाळ खिदळत होतं. माझ्या मनात आलं, केवढं हे धीराचं मूल!

थोड्या वेळाने वर्षाने दार वाजवलं. “मॅडम, का झालं? लाइन आली.”

लाइन म्हणजे वीज. शेतीची वीज ठरावीक तासच येते आणि ती आली की मोटरी चालवून पाहायच्या, पाणी सोडायचं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा अख्खं घर असं बोंबलतं. मी बादली जागेवर ठेवून बाहेर आले. ही हकीकत मी पोचायच्या आत टपरीवर पोचली. संध्याकाळी दोन्ही बाकं एकत्र हसत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच, असं चहावाला म्हणाला.

हिंगणी, रविवार

खटला सकाळी अंगणात भरला. भजनी मंडळाचा माइक आणला होता, तो लाइन नसल्यामुळे नुसता समोर उभा केला. चाळीसेक माणसं जमली. शीतल मांडीवर बाळ घेऊन खुर्चीत बसली, मी तिच्या शेजारी. मी स्वतःला पंच समजून आले होते. बसल्यावर कळलं की गुरुजींचा पुरावा म्हणजे माझी पुस्तिका, तेव्हा मी आरोपीच होते.

गुरुजी खाकी कागदाचं वेष्टण घातलेली ती पुस्तिका आणि एक स्टीलचा डबा घेऊन आले. डब्यात खाटकाकडून आणलेला बोकडाचा डोळा होता. तो चिरून, आतलं भिंग दाखवून, ते गावाला गप्प करणार होते. त्यांनी डबा उघडून चौथऱ्यावर ठेवला, चष्मा पुसला, “सज्जनहो” म्हणाले आणि मांजराने डोळा पळवला.

“पुरावाच गेला!” करणारावाले ओरडले.

“निसर्गात असंच होते,” गुरुजी म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

मग पांडुभाऊ पुढे आले. त्यांनी गोणपाटावर एक पाणबुडी मोटर ठेवली आणि माझ्याकडे पाहत ती उलगडायला घेतली.

“हे पाहा, मॅडम. हा पंखा. काढला. आता चालंन का मोटर? नाई. हा शाफ्ट. काढला. चालंन का? नाई. हे वायंडिंग. हे बेरिंग. एक बी पार्ट काढा, पानी बंद. मंग हे एकेक करून जमा कसं झालं? अर्धी मोटर अर्धं पानी देत नाई. अर्धा डोळा का कामाचा?”

हा प्रश्न जगभर मोठमोठ्या लोकांनी विचारलेला आहे, पण हातात पाना घेऊन विचारलेला मी तरी पाहिला नव्हता. प्रश्न चांगला होता. मी तसं म्हटलंही.

“अर्धा डोळा बिनडोळ्याहून बरा, इवाई!” गुरुजींनी उसळून उत्तर दिलं. आठ महिन्यांत व्याह्यांशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. “तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. अर्धंच दिसते. त्याच डोळ्यानं मोटरीचं वायंडिंग भरून राह्यले ना तुमी?”

लोक हसले. पांडुभाऊ हसले नाहीत.

माझी पाळी आली. मी शेडमधल्या एका अजस्र वस्तूकडे बोट दाखवलं. कालपासून ती माझ्या मनात होती. विहिरीतून मोटर वर ओढायचं यंत्र. गाव तिला म्हैस म्हणतं. मधोमध सायकलचं चाक, त्याला स्कूटरचं इंजिन, खाली ट्रॉलीचा आस, वर कसल्या कसल्या साखळ्या.

“ही म्हैस कोणी बनवली?” मी विचारलं.

“मीच.”

“आधी कागदावर काढली होती?”

“नाई बा. पयले लाकडी खांबाले नुसतं हे चाक लावलं होतं, दोर घसरू नये म्हनून. मंग हातानं फिरवाले दांडा लावला. मंग हात दुखे म्हनून इंजिन. मंग खांब सडला, तवा खाली आस आला.”

“आता चाक काढलं तर?”

“सारी बसंन खाली.”

“आणि खांब?”

“खांब तर कवाचाच गेला.”

“म्हणजे प्रत्येक वेळी ती चालतच होती. अर्धी असतानाही. आणि शेवटी अशी झाली की एकही भाग काढता येत नाही. मग ही पूर्ण म्हैस मुळात कोणी ठरवली होती?”

पांडुभाऊंनी म्हशीकडे पाहिलं. “कोनं नाई ठरवली,” ते म्हणाले. “होत गेली.”

मी जिंकले होते. पस्तीस वर्षं वर्गात जिंकायची सवय असल्यामुळे मी एक वाक्य जास्त बोलले. “म्हणजे बघा. आपोआपच!”

पांडुभाऊंच्या हातातला पाना खाली पडला.

“आपोआप?” त्यांनी उजव्या हाताची करंगळी माझ्यापुढे धरली. तिला नख नव्हतं. “हे याच चाकात गेलं. आपोआप म्हनू नका, मॅडम. मले कोनी काही बी म्हना, हा शब्द नका म्हनू.” मग ते माझ्याशी बोलायचे थांबले आणि नुसतंच बोलत राहिले. “बायको गेली तवा वर्षा सहा वर्षाची, अमोल दोनचा. भाकरी टाकून, याले पाठीवर बांधून मोटरी काढाले जाओ. विहिरीच्या काठाशी याले बाभयीच्या झाडाले बांधून ठेवो, आत पडू नये म्हनून. ताप आला तर रातभर मांडीवर. वर्षाची वेणी घालता येत नोती, ते शेजारनीपासून शिकलो. आन् पोरगा शिकून कामाले लागला तवा गाव का म्हनते? पांडुभाऊ नशीबवान, पोट्टे आपोआप मोठे झाले! आपोआप! मी कुठी गेलतो मंग? आन् माया नातीच्या पाळण्यापाशी इवाईनं तोच शब्द वाचला. पुस्तकातून वाचला.”

अमोल उठला, पाना उचलला आणि मुळातच घट्ट असलेला एक स्क्रू आवळत बसला. वर्षा रडत होती. मला फार अपराधी वाटलं. जो वाद मी पस्तीस वर्षं जीवशास्त्राचा समजत होते, तो या अंगणात एका शब्दाचा होता, आणि तो शब्द मी लिहिला होता.

“पांडुभाऊ, शब्द चुकला,” मी म्हटलं. “आधी फक्त उजेड आणि अंधार कळणारा एक ठिपका होता. मग त्याचा खळगा झाला, मग खोली आली, मग भिंग. पायरीपायरीला ज्याला जरा कमी दिसलं तो कोणाच्या तरी पोटात गेला. असे किती गेले त्याला गणती नाही. यात कोणी करणारा नव्हता असंच मला वाटतं. पण फुकट झालेलं यात काहीसुद्धा नाही.”

“मंग आपोआप काऊन लिवलं?”

“सोपा होता म्हणून. मुलांना पटकन कळतो.”

“करनारा होता म्हना ना मंग.”

“ते नाही म्हणणार.”

“हट्टी आहा तुमी.”

“तुम्हीपण.”

मी गुरुजींकडून पुस्तिका मागून घेतली. गुरुजींचा चेहरा उतरला होता. वीस वर्षांत शिकवलेल्या सगळ्या मुलांना ते मनातल्या मनात परत वर्गात बोलावत असावेत. पांडुभाऊंच्या कानावरची पेन्सिल घेऊन मी तो शब्द खोडला आणि वाक्य मोठ्याने वाचलं: “अशा रीतीने डोळा घडत गेला.”

पांडुभाऊंनी वाकून पाहिलं. “काढला तरी चालून राह्यलं वाक्य,” ते म्हणाले. “मंग हा पार्ट फालतूच होता.”

सगळं अंगण हसलं, गुरुजीसुद्धा. माझ्या लेखनावर याहून नेमकं परीक्षण कोणी केलेलं नाही.

पण नावाचा गुंता सुटला नाही. आपोआप गेला, तरी उत्क्रांती आणि रचना जागच्या हलल्या नाहीत. शेवटी शीतल उठली. “बस झालं. उद्या बारसं. पोरगी ज्या नावाले वळून पाहील ते तिचं नाव. तिलेच ठरवू द्या.”

हिंगणी, सोमवार

बारशाला वांग्याची भाजी, वरण आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे होते. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, वरून दगड, आतून मऊ, आणि तुपात बुडवल्यावर माणसाला कसलेच वाद नकोसे वाटतात. शेजारणी घुगऱ्या वाटत होत्या. पाळणा ओसरीवर टांगला होता, पण बाळ त्यात मावेना. पाय बाहेर काढून ते सरळ उठूनच बसलं. पाळण्याची कड धरून बसलेलं, गुलाबी झबलं बेंबीच्या वर आलेलं बाळ मी प्रथमच पाहत होते. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, तेव्हा उत्सवमूर्तीला मत नसतं.

मान गुरुजींचा पहिला. ते चार हात लांब उभे राहिले. “उत्क्रांती!” बाळाने अंगठा तोंडात घातला. “उत्क्रांतीऽ बाळा!” बाळाने दुसरा अंगठा घातला.

पांडुभाऊ, हात पाठीमागे. “रचना! ओ रचनाबाई!” बाळाने जांभई दिली.

पुन्हा गुरुजी, पुन्हा पांडुभाऊ. सहा-सहा वेळा झालं. बायका कंटाळल्या, रोडगे निवायला लागले. वर्षा पाळण्याशी वाकून, कुर्र तोंडात धरून तशीच थांबली होती आणि कंबर दुखते म्हणत होती. दोन्ही आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. नाव हरण्याचं दुःख मला समजलं असतं, पण ही पोर आपल्याला ओळखतच नाही, हे दोघांना एकदमच कळत होतं.

आणि शेडमधून अमोल ओरडला, “आली!”

बाळ गर्रकन वळलं. तोंडभर हसलं, दोन्ही हात वर केले आणि “आँ!” असा हुंकार दिला, जसा आपण नाव पुकारल्यावर देतो.

शीतलने हळूच म्हटलं, “आली?” बाळाने तिच्याकडे पाहिलं. वर्षाने म्हटलं, “आली?” बाळ तिच्याकडे वळलं. गुरुजींनी टोपी काढून अगदी बारीक आवाजात म्हटलं, “आली?” बाळाने त्यांच्याकडे पाहून हात हलवले. गुरुजींनी टोपीत तोंड लपवलं.

आठ महिने दिवसातून दोन-तीनदा अख्खं घर तोच एक शब्द आनंदाने ओरडत होतं. त्या पोरीने सगळ्या हाकांमधून तेवढा एक ठेवून घेतला होता.

वर्षाला मग कोणी सांगायची गरज पडली नाही. ती वाकली, “कुर्रर्र” म्हणाली, कानात नाव सांगितलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत रिवाजाप्रमाणे धपाटे घातले, आठ महिन्यांचे एकदम. शीतलने बाळाला उचललं आणि पांडुभाऊंपुढे धरलं. त्यांचे हात पाठीमागून सुटायला वेळ लागला. सवय झाली होती.

त्यांनी तिला उजव्या, चांगल्या डोळ्याजवळ घेतलं आणि पाहतच राहिले. तिच्या डोळ्यांचा रंग पक्का झाल्यापासून इतक्या जवळून ते तिला पहिल्यांदाच पाहत होते. मग भिंतीवरच्या काळ्यापांढऱ्या फोटोकडे पाहिलं.

“हे तर तिचे डोये,” ते म्हणाले. “तिचे असेच घारे होते. फोटोत दिसत नाई.” ते पुन्हा बाळाकडे वळले. “माये नाई, अमोलचे नाई. कोनी आनले नाई, कोनी मांगितले नाई. आपोआप आले.”

शब्द त्यांच्याच तोंडून गेला आणि तो त्यांना ऐकूही आला नाही. गुरुजींना मात्र आला. ते पुढे सरसावले.

“नाई, इवाई, आपोआप कसे? अमोलच्या अंगात लपून होते ते. आन् अमोलले तुमी पाठीवर बांधून वागवलं. म्हनजे हे डोये तुमीच आनले इथपर्यंत. हे तुमचं करनं आहे.”

“माहं का करनं? मले त माहीत बी नोतं! आपोआपच म्हना लागंन.”

“आपोआप नाई म्हनता येत! मॅडमनं खोडला तो शब्द!”

“मॅडमले का समजते? बादली लावून बसते वाघिनीले!”

आवाज चढले. करणारावाला आपोआपच्या बाजूने आणि आपोआपवाला करणाऱ्याच्या बाजूने असे दोघे नाकाला नाक लावून उभे, मध्ये बाळ दोघांची मिशी आळीपाळीने ओढत होतं. शीतलने कपाळाला हात लावला आणि पोरीला परत घ्यायला हात पुढे केले.

पांडुभाऊंनी आलीला छातीशी घट्ट धरलं, आणि गुरुजींनीही तिचा एक पाय धरून ठेवला.

“नाई बाई, नाई,” पांडुभाऊ घाईघाईने म्हणाले. “हे भांडन नाई. आमी बोलून राह्यलो.”